दहा टक्के कशाचे?

पेपर स्प्रेची नवी कोरी डबी मी चालू पंख्याखाली उभं राहून, तिचं तोंड कुणीकडे आहे हे न बघता दाबली. त्या वेळी मी मेहकरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. दाबण्याआधी सुरक्षिततेवर दहा मिनिटं बोललोही होतो.

ऐकायला एकच बाई होत्या. बसस्टँडमागे त्यांचं मिरची कांडप होतं. मी मटकन खाली बसून डोळ्यांकडे हात नेला, तशी त्यांनी माझी दोन्ही मनगटं पकडली.

"चोळू नोका! मिचकवा, नुसते मिचकवा." मग साबणाच्या फेसानं तोंड धुऊन देताना म्हणाल्या, "सर, गुंड यायची तरी वाट पाहाची होती."

तिखटाच्या बाबतीत त्यांचं एकच वाक्य ठरलेलं: "जिभीले इचारा." गिऱ्हाईक "लय जहाल मिरची हाये" म्हणालं, की त्या तीन वाट्यांत गुळाचं पाणी मांडत. पहिलीत चिमूटभर तिखट, तिच्यातला चमचा दुसरीत, दुसरीतला तिसरीत. प्रत्येकीतला थेंब जिभेवर. बेडगी दुसऱ्या वाटीत गप्प व्हायची, लवंगी तिसरीतही बोलायची. त्यावरून कोणती मिरची किती मिसळायची ते ठरे.

मी रुबाबात सांगितलं, की शंभरेक वर्षांपूर्वी परदेशातल्या एका औषधवाल्यानं साखरेच्या पाण्यात अगदी हेच केलं. तिखट लागेनासं व्हायला किती पट पाणी घालावं लागतं, तोच तिखटपणाचा आकडा. चाखायला पाच जण ठेवायची पद्धत.

"पाच?" त्या म्हणाल्या. "एकाच्याबी जिभीवर भरोसा नव्हता काय त्याचा?"

त्यांना काय हाक मारावी, हे मला कधी ठरवता आलं नाही. सारं गाव ताई म्हणे. मला ताई म्हणायचं नव्हतं, आणि दुसरं काही म्हणायची छाती नव्हती. चाळिशी ओलांडलेला बिनलग्नाचा मास्तर मी. नुसतं "ऐका ना" म्हणून भागवायचो. एकट्या माणसाला दर महिन्याला किलोभर तिखट कशाला लागतं, हे कृपया तुम्हीही विचारू नका.

डबीचं कारण त्यांची मुलगी. नवरा गेल्यावर या कांडपावरच त्यांनी तिला वाढवलेलं. नागपूरला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता, पण दवाखाना ते होस्टेल हा रस्ता सुनसान. शनिवारपर्यंत प्रवेश घ्यायचा, नाहीतर जागा जाणार.

"पोरगी जाईन तं हातात काही घेऊन जाईन," बाईंनी सांगून टाकलं होतं. "नाही तं नाही जात." मुलगी दोन दिवस आईशी बोलत नव्हती.

डोळे उघडल्यावर मी डबीवरचं वाचून दाखवलं. मिरचीचा तेलअर्क दहा टक्के. तिखटपणा वीस लाख.

"दहा टक्के कशाचे?" त्यांनी विचारलं. "तेल बेडगीचं का लवंगीचं? अन् हे वीस लाख डब्बीतल्या पाण्याचे, का नुसत्या तेलाचे?"

बारा वर्षं शिकवूनही मला हा प्रश्न सुचला नव्हता. दोन दिवस वाचत बसलो. बाई बरोबर होत्या. टक्के सांगतात तेल किती; ते तेल किती जहाल, हे नाही. वीस लाख बहुधा पातळ करण्याआधीच्या तेलाचे. खरं विचारायचं ते एवढंच, की सगळ्या डबीत मिळून मिरचीचं झोंबणारं द्रव्य, म्हणजे कॅप्सेसिन आणि त्याची भावंडं, किती? ते हल्ली यंत्रावर मोजतात, आणि एक टक्क्याच्या आसपास असलं तरी धिप्पाड माणूस खाली बसतो. मी मध्यम बांध्याचा होतो. तो आकडा छापलेली डबी मी अकोल्याहून शोधून आणली.

शुक्रवारी गेलो तर वाट्या मांडून तयार.

"यात तेलासंगं अजून काय हाये?"

"तेल पातळ करणारं द्रावण. आणि बाहेर ढकलणारा वायू."

त्यांनी एकेक वाटी उचलून ओतून दिली. "मंग हे जिभीले चालत नाही." त्यांनी डबी हातात फिरवून पाहिली. मग म्हणाल्या, "तुमाले इचारते, सर. पाठवू का तिले?"

एकुलती एक लेक नागपूरला गेली, की आज ना उद्या आईही जाणार, हे मला तेव्हाच स्वच्छ दिसत होतं.

"डबी दोन मिनिटं देते," मी म्हणालो. "पळायचं तिलाच आहे. पण पाठवा."

पाठवली. डबी तिला कधी वापरावी लागली नाही. शिक्षण संपलं, नोकरी तिकडेच लागली, आणि ती आईला न्यायला आली. टेम्पोत सामान चढल्यावर बाई माझ्याजवळ येऊन थांबल्या.

"काही बोलाचं राह्यलं काय, सर?"

"ऐका ना," मी म्हणालो, "आता तिखट करायला मिक्सर कोणता घेऊ?"

"मोठ्या भांड्याचा घ्या," म्हणाल्या आणि टेम्पोत बसल्या.

कांडपाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. पूर्वी त्या वळणावर येईल त्याला शिंक यायची. मी अजून तिथे पोचलो की रुमाल काढतो. शिंक येत नाही. रुमाल तेवढा बाहेर निघालेला असतो.

परवा धीर करून फोन लावला. लेकीचं, उन्हाचं विचारून झालं. मग म्हणालो, "मी 'पाठवा' म्हणालो नसतो, तर आज तुम्ही इथेच असता."

"म्या पोरीचं इचारलं होतं, सर. पोरीले 'पाठवा' म्हनले तुमी," पलीकडून आवाज आला. "मले 'थांबा' काऊन नाही म्हनले? बयाडच हाये तुमी, साफ येडे."