बंदीतली होडी

मृणालीनं लहानपणी एक वाक्य उठता-बसता ऐकलं: "दे इकडे, तुला जमायचं नाही." राजापूरच्या बाजारात वडिलांचं भांड्यांचं दुकान. घरात गजराचं घड्याळ बंद पडो की रेडिओ खरखरो, ही बया स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हजर. आतली चाकं जरा दिसायला लागली की थोरला भाऊ गुरुप्रसाद ते हातातून काढून घ्यायचा. घड्याळ सुरू व्हायचं, पण ते बंद कशानं पडलं होतं हे मृणालीला कधीच कळलं नाही. त्याची चुटपुट तिला चाळिशी आली तरी आहे.

लग्न होऊन ती नाटे गावी आली. नवरा हर्षद बोटीवर, घरी येणार तो पाहुण्यासारखा. तिनं बंदराच्या रस्त्याला झेरॉक्स आणि संगणकाचं दुकान टाकलं. दाखले, अर्ज, आधारकार्डाच्या प्रती. एकदा दुकानात मोबाइलवर खेळत बसलेल्या पोराला तिनं सहज विचारलं, "हा माणूस उडी मारतो तो कुणाच्या सांगण्यावरून?" पोराला उत्तर येईना. तिलाही येईना. झालं, बाईंना चैन पडेना. व्हिडिओ बघून बघून ती स्वतः शिकली. पडद्यावर आज्ञांचे रंगीत ठोकळे असतात, ते एकाखाली एक जोडत गेलं की मांजर नाचतं, होडी हलते, गुण वाढतात. मग दर रविवारी दुकानात मुलांचा वर्ग भरू लागला. खेळ खेळायचा नाही, बनवायचा.

वर्गात नियम एकच, आणि तोही बाईंसाठी. पोराच्या माउसला बाईंनी हात लावायचा नाही. पोर अडलं की ती दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहायची आणि विचारायची, "तुला काय वाटतं, असं का होत असेल?" बोलावल्याशिवाय ती कुणाचे ठोकळे उघडूनही बघत नसे. हात शिवशिवायचे, जीव वरखाली व्हायचा, पण नियम म्हणजे नियम.

असल्या वर्गात एकेक नग निघणारच. समर्थच्या खेळात वानर आंबे पळवायचे आणि राखणदाराला ते कधीच सापडत नसत, कारण समर्थला वानरच व्हायचं होतं. शुभंकरची एसटी थांब्यावर थांबतच नसे. "चूक झाली, बाई," तो म्हणाला. बाकीची पोरं म्हणाली, "चूक कसली? अगदी खरी झालीय!"

आणि सलोनी. सातवीतली, बोलायला कंजूष. तिचे वडील दीपेश मासेमारीच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडी चालवणारे मुख्य. सलोनीनं होडीचाच खेळ बनवला होता. खडक चुकवायचे, जाळं टाकायचं, बांगडे भरायचे. पडद्याच्या कोपऱ्यात मात्र एक नारळ नुसता पडून असायचा. होडी त्याच्याजवळ गेली तरी काही होत नसे. मृणालीला त्या नारळानं छळलं.

"काय गो, हा नारळ कशाला?"

"कळेल," सलोनी म्हणाली, आणि पुन्हा ठोकळ्यांत बुडाली.

दीपेशला मात्र हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. एकदा तो दुकानाच्या पायरीशी उभा राहून म्हणाला, "बाई, मोबाइलपायी पोरं आधीच वाया गेलीत. तुम्ही आणि खेळ शिकवताय?" मृणालीनं त्याला समजावलं. राजापूरला जुलैमध्ये मुलांच्या कामांचं प्रदर्शन होतं, तिथं इतर मुलांबरोबर सलोनीचाही खेळ जाणार होता. दीपेशनं थोडा विचार केला. "तवा मी मोकळाच असेन. डोळ्यांनी बघतो, मग ठरवतो. काय अर्थ दिसला नाय तर ही यायची बंद."

सलोनीनं ते ऐकलं. मृणालीनंही. त्या पोरीच्या डोक्यात काय चालतं हे बघण्यासाठी मृणाली रविवारची वाट बघायची. ती येईनाशी झाली तर वर्गाचा अर्धा जीवच गेला, असं तिला वाटलं.

एप्रिलात खेळ पूर्ण झाला आणि झकास चालला. मेमध्ये पोरं आजोळी गेली. जूनमध्ये दाखल्यांसाठी दुकानात ही गर्दी, वर विजेचा लपंडाव. वर्ग भरलाच नाही, लॅपटॉप तसाच पिशवीत राहिला. एकदा चालवून बघायचं कुणाला सुचलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी शाळेच्या सभागृहात छत्र्यांचं पाणी सगळीकडे झालं होतं. परीक्षक म्हणून आलेल्या ऋतिका मॅडम तरुण, हसऱ्या. त्यांनी लॅपटॉपसमोर बसून बटण दाबलं. पडद्यावर पाऊस पडत होता. होडी वाळूत वर ओढलेली, तिच्यावर निळी ताडपत्री. मॅडमनी डावं बटण दाबलं, उजवं दाबलं, सगळी दाबून बघितली. होडी ढिम्म.

मृणाली पडद्याजवळ वाकली. हे चित्र तिनं कधी पाहिलंच नव्हतं. एप्रिलात होता तो समुद्र गेला कुठे? हौसेनं इथवर आलो ते हात दाखवून अवलक्षण झालं. मागे भिंतीला टेकून दीपेश बघत होता.

"सलोनी," ती हळूच म्हणाली, "होडी का हलत नाही?"

बाईंना बरं नाही की काय, अशा नजरेनं सलोनीनं तिच्याकडे पाहिलं. "बाई, जुलै हाय ना. बंदीत कोण होडी काढतां?"

खरंच की! पावसाळ्यात मासेमारी बंद असते हे मृणालीला माहीत नव्हतं थोडंच? दारावरूनच तर सगळं गाव जातं. पण बंदी खेळातही असेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. पोरीनं लॅपटॉपमधली तारीख बघणारा ठोकळा लावला होता. जून उजाडला की होडी वर. मृणालीला एकदम हसू फुटलं, आणि त्याच क्षणी रडूही.

"अरे वा, ही गंमत आहे!" ऋतिका मॅडम म्हणाल्या. "पण मला खेळ दिसायला हवा. लॅपटॉपची तारीख मागे नेता येईल ना?"

येणार होती. सोपं काम. एप्रिल केला की होडी समुद्रात, दीपेश खूश, सलोनी रविवारी वर्गात. मृणालीचा हात पुढे गेलासुद्धा. सलोनी नुसती त्या हाताकडे बघत राहिली. गुरुप्रसादच्या हाताकडे मृणाली बघायची, तशीच.

मृणालीनं हात पाठीमागे घेतला. "खेळ तिचा आहे," ती म्हणाली. "तिला विचारा."

"नको," सलोनी म्हणाली.

बक्षीस समर्थच्या वानरांना मिळालं. परतीच्या एसटीत दीपेश नाटे येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. पुढच्या रविवारी सलोनी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाकीची पोरं कलकलाट करत होती आणि मृणालीचं लक्ष दाराकडे. तारीख मागे नेली असती तर काय बिघडलं असतं, असं तिला शंभरदा वाटलं. तिला पोरीची फार फार आठवण येत होती.

नारळी पौर्णिमेला सकाळी ती दुकान उघडत होती. बघते तर पायरीवर दीपेश. नवा सदरा, हातात हळदकुंकू लावलेला नारळ. शेजारी सलोनी.

"बाई, मशीन लावा," तो म्हणाला. "आधी हिची होडी जाऊ दे. मग आमची."

मृणालीनं आधी सलोनीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "अहो, पण इतके रविवार ही आली का नाही? मला वाटलं, तुम्ही..."

"मी? बंदी पाळणारी होडी बघितली तवाच माझं ठरलं. मी हिला दर रविवारी सांगत होतो, जा गो बाय, बाई वाट बघत असतील. तर म्हणते, बंदी हाय, जाऊन काय करू!"

लॅपटॉप सुरू झाला. पाऊस थांबलेला. कोपऱ्यातला तो नारळ आता चमकत होता. सलोनीनं तो माउसनं उचलून पाण्यात सोडला. ताडपत्री आपोआप निघाली आणि होडी घसरत लाटांवर गेली. तर यासाठी होता होय तो! मृणाली लहान मुलीसारखी टाळ्या पिटायला लागली.

होडी पहिल्या खडकाकडे निघाली. सगळा जन्म समुद्रावर घालवलेल्या दीपेशला राहवेना. "अगो वळव, वळव, आपटेल! दे इकडे," म्हणत त्यानं माउसकडे हात नेला.

"बाबा," पडद्यावरची नजर न काढता सलोनी म्हणाली, "हात मागे."

तांडेलानं एकदा मृणालीकडे पाहिलं. ती हात पाठीमागे धरून उभी होती. मग त्यानं नारळ टेबलावर ठेवला आणि तिच्या शेजारी तोही तसाच उभा राहिला.