जवाई पोचले, जोडी येऊन राह्यली

माझा उजवा गुडघा बुद्धिबळामुळे फुटलेला आहे.

हे सांगितलं की डॉक्टर आधी माझ्याकडे बघतात, मग गुडघ्याकडे, आणि मग खुर्ची जरा मागे सरकवतात. त्यांचा दोष नाही. बुद्धिबळात फार तर माणसाच्या ढुंगणाला मुंग्या येतात. गुडघा फोडून घ्यायचा तर त्यासाठी सासुरवाडी लागते, आणि ती सावली नावाच्या गावाच्या बाजूला असावी लागते.

मी मूळचा सांगलीचा. नोकरीनिमित्त घुग्घुसला कोळशाच्या खाणीच्या कचेरीत कारकून म्हणून आलो आणि ऑफिसातल्याच एका सहकाऱ्यानं पुढाकार घेऊन माझं लग्न जमवून दिलं. मुलगी सावलीजवळच्या एका खेड्यातली, कुसुम. गोष्ट ऐंशीच्या दशकातली, आम्ही अगदी नवे नवे नवराबायको होतो, आणि धान कापून झाल्यावर मी पहिल्यांदाच चार दिवस सासरी मुक्कामाला गेलो होतो.

तिथं माझी काय पत होती तेही सांगून टाकतो. कुसुमच्या थोरल्या बहिणीचा नवरा देवीदास, म्हणजे माझा साडू, फॉरेस्ट गार्ड. कबड्डी खेळणारा गडी. धानाचं पोतं उचलून खांद्यावर असं टाकायचा की जणू टॉवेल टाकतोय. आणि त्याच्या शेजारी मी! चष्मा, छाती बेताची, मनगट तर त्याहून बेताचं. आळीतल्या बायका आपसात म्हणाल्या होत्या की कुसुमचा नवरा फुंकर मारली तरी उडून जाईल. हे कुसुमच्या कानावर गेलं होतं. ती माझ्यापाशी एक शब्द बोलली नव्हती, पण मी अंगणात निघालो की तिची नजर आधी माझ्याकडे आणि मग आळीकडे जायची, आणि ते मला फार लागायचं.

दुपारी जेवायला बसलो. भात, लाखोळीची डाळ आणि जावई आल्याचा पुरावा म्हणून कोंबडीचा रस्सा. विषय निघाला खेळाचा. त्या वर्षांत क्रिकेटचं वेड खेड्यांतही शिरलं होतं, त्यामुळे देवीदास आधीच भडकलेला होता. दिवसभर उन्हात उभं राहायचं आणि मधे चहा प्यायला जायचं, ह्याला तो खेळ मानायलाच तयार नव्हता. मग त्यानं कॅरमला हाणलं, पत्त्यांना हाणलं, आणि शेवटी निकालच देऊन टाकला.

"जो बसून खेळते थो खेळ नाई साडूभाऊ. ज्याले घाम नाई, थो खेळ नाई. तुमी काय खेळता?"

आता बुद्धिबळ म्हणायची सोय राहिली नव्हती. पण सांगलीत मी लहानाचा मोठा बुद्धिबळाच्या पटावर झालो होतो आणि गप्प बसणं जिवावर आलं होतं. म्हणून मी जरा भारदस्त वाटेल असा शब्द निवडला.

"मी पट खेळतो," मी म्हणालो.

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. देवीदासनं तोंडातलं हाड बाहेर काढलं. स्वयंपाकघरात कालथ्याचा आवाज थांबला. माझ्या एका शब्दानं आजवर इतकी शांतता कधीच पसरली नव्हती, त्यामुळे मी खुशीत आलो.

"पट? सोता खेळता?" सासऱ्यांनी विचारलं. (मी त्यांना मामा म्हणायचो.)

"लहानपणापासून. आमच्या घराण्यातच आहे पट."

"जोडी पांढरी का काळी?"

मला वाटलं, ह्या माणसाला खेळातलं कळतं. मी म्हणालो, "मला पांढरी आवडते. पण काळी घेऊनसुद्धा पुष्कळदा जिंकलोय. शेवटी सगळं चालीवर असतं मामा. चाल ओळखता आली पाहिजे."

"हे बरोबर बोलले," मामा देवीदासकडे वळून म्हणाले. "चालच पाहा लागते. मी हेच सांगून राह्यलो याले. अन् घड्याळ लावून, का असंच?"

"घड्याळ लावूनच. त्याशिवाय मजा नाही."

"मारा लागते का लय?"

"मारावं तर लागतंच," मी अनुभवी माणसाच्या सुरात म्हणालो. "पण उगाच मारू नये. अगदी गरज असेल तेव्हाच."

मामांच्या डोळ्यांत चक्क पाणी तरळलं. मुक्या जनावराची कदर असणारा जावई मिळाला, असं ते सासूबाईंना ओरडून म्हणाले. हे जनावर मधेच कुठून आलं ते मला कळलं नाही, पण आमच्या खेळात घोडाही असतो, उंटही असतो, तेव्हा मी मान डोलावली. आणि मग ते म्हणाले की उद्या गावात पट आहे, दूरदूरची माणसं येणार आहेत, आणि आपल्या घरातर्फे तुम्हीच उतरायचं. एवढ्यावर थांबले नाहीत. "तुतारी तुमच्याच हाती."

खेड्यात बुद्धिबळाची स्पर्धा, आणि तिचा प्रारंभ तुतारी फुंकून! सांगलीत आम्ही सातजण देवळामागच्या ओसरीत बसायचो, आणि आमचा प्रारंभ कुणीतरी तपकीर ओढून करायचा. माझा ऊर भरून आला. फक्त एकच काळजी होती, की मी जन्मात कधी तुतारी फुंकलेली नव्हती. म्हणून संध्याकाळी गोठ्यामागे जाऊन रॉकेलची रिकामी बाटली तोंडाला लावून सराव केला. देवीदासनं पाहिलं आणि विचारलं, हे काय करून राह्यले. मी म्हणालो, उद्यासाठी दम वाढवतोय. तो एकदम गंभीर झाला. पटाले दम लागतेच, म्हणाला, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे खालून वरपर्यंत आदरानं पाहून गेला.

कुसुम आली ती उजळलेल्या तोंडानं. "मले काऊन नाई सांगलं तुमी?"

"त्यात काय सांगायचं," मी म्हणालो.

"सारी आळी येऊन राह्यली उद्या पाहाले."

"येऊ दे," मी म्हणालो. (हे दोन शब्द मला आजही झोपेत ऐकू येतात.)

दुसऱ्या दिवशी आम्ही मैदानावर पोचलो आणि मी थक्क झालो. माणसंच माणसं! भजी तळली जात होती, लाउडस्पीकर खरखरत होता, पोरं झाडांवर चढून बसली होती. बुद्धिबळाला एवढी गर्दी पाहून मला माझ्या सांगलीची शरम वाटली. मैदानात बैलही बरेच होते, पण मी समजलो की लोक बैलगाड्या जुंपून आले असतील. मी मामांना विचारलं की टेबलं कुठे मांडली आहेत.

"टेबल? थो काय, त्या टोकाले. घड्याळवाले बसतेत तिथी."

"एकच टेबल? मग बाकीचे?"

"बाकीचे उभ्यानंच पाहातेत."

मला ही पद्धत जरा विचित्र वाटली, पण पाहुण्यानं नियमांत लुडबुड करू नये. इतक्यात मामांनी माझ्या हातात एक काठी दिली. टोकाला बारीक खिळा ठोकलेला.

"घ्या, तुतारी."

मी काठी उलटसुलट करून पाहिली. दोन्हीकडून बंद होती. "ही फुंकायची कुठून?" मी विचारलं. आसपासची मंडळी पोट धरून हसली. जवाई भलतेच गमतीदार आहेत असं एकमेकांना सांगू लागली. आणि तेवढ्यात देवीदास एक बैलजोडी घेऊन आला, पाखऱ्या आणि हरण्या, शिंगांना गोंडे, अंगावर गुलाल, आणि मागे एक छकडा. छकडा म्हणजे बैलगाडीतून बैलगाडीपण काढून घेतल्यावर जे उरतं ते. दोन चाकं आणि बूड टेकायला एक फळी.

"बसा," देवीदास म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ह्या मुलखात पट म्हणजे बैलांची शर्यत, आणि तुतारी म्हणजे बैल हाकायची काठी. पांढरी जोडी समोर उभी होती, पांढरीच मला आवडते हे मीच सांगितलेलं होतं, आणि तिच्या चालीबद्दल मी भर जेवणात प्रवचन झोडलेलं होतं.

खरं सांगतो, मी तोंड उघडलंही होतं. "मामा, जरा घोटाळा झालाय" एवढं म्हणायचं होतं. पण समोर बायकांच्या घोळक्यात पुढेच कुसुम उभी होती. डोक्यावर पदर, आणि तोंडावर असा काही अभिमान की तो मी तिच्या तोंडावर तोवर कधी पाहिलेला नव्हता. ती शेजारणीला बोटानं मला दाखवत होती. त्या क्षणी मी माझ्या बायकोच्या प्रेमात पडलो. लग्नानंतर पडलो, पण पडलो. आणि छकड्यावर बसलो.

झेंडी खाली आली. पाखऱ्या-हरण्या सुटले. मी सुटलो नाही. म्हणजे छकडा पुढे गेला आणि मी होतो तिथेच, फक्त जमिनीवर! गुडघा फुटला तो इथे.

आता मामांची जोडी फार गुणी. माणूस पडला की थांबायचं, हे त्यांना शिकवलेलं. ती थोडी पुढे जाऊन थांबली आणि मान वळवून माझ्याकडे बघू लागली. लोक ओरडू लागले, धरा, कासरा धरा. मी चष्मा शोधून घातला, लंगडत गेलो, आणि कासरा धरायचा म्हणून सरळ बैलांच्या पुढे जाऊन उभा राहिलो. पटाच्या बैलांपुढे कुणी उभं राहत नाही, हे त्या मैदानावर मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. त्यात मागून कुणीतरी उत्साहानं शिट्टी मारली.

जोडी निघाली. पुढे मी.

दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, बाजूला निसटायला जागा नाही, एकच दिशा उरलेली. आणि मी धावलो! दुखरा गुडघा विसरून, हातात ती तुतारी तशीच घट्ट धरून, मानेवर हरण्याचे ऊन ऊन श्वास घेत धावलो. जन्मभरात खुर्चीवर बसून जेवढा घाम गाळला नव्हता तेवढा त्या धावपट्टीवर सांडला. लोक नाचत होते, टोप्या उडवत होते. घड्याळवाल्यांचं टेबल आलं, मी ते ओलांडलं, आणि समोरच्या तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात डोक्यापर्यंत शिरलो. आत असतानाच मला लाउडस्पीकर ऐकू आला.

"सावलीवाल्याईचे जवाई पोचले. जोडी येऊन राह्यली."

घड्याळवाल्यानं सवयीनं माझीच वेळ टिपली होती. त्यावरून पंचांत जे भांडण लागलं ते विचारू नका. एक पंच म्हणाला की पट हा बैलाचा खेळ आहे, माणूस आधी पोचला म्हणजे जोडी बाद. मामा त्याच्या अंगावर धावून गेले. त्यांचं म्हणणं, बैलानं हाकलं म्हणून तर माणूस धावला, मग श्रेय जोडीला नाही तर कुणाला. देवीदास मधे पडला आणि म्हणाला की बैल रोजच धावतात, त्यात काय पाहायचं, खरा खेळ तर आज साडूभाऊंनी दाखवला, घाम पाहा त्यांचा. शेवटी जोडी बाद ठरली आणि मला एक नारळ देण्यात आला.

घरी आल्यावर मी मामांना सगळं कबूल केलं. अंगणात कोळशानं चौकोन आखले, खडे मांडले, हा हत्ती, हा उंट, हा घोडा, असं समजावून सांगितलं. मामांनी उकिडवे बसून एकेक खडा उचलून पाहिला.

"हत्ती हाय, उंट हाय, घोडा हाय," ते म्हणाले. "बैल नाई?"

"नाही."

"मंग कायचा खेळ," असं म्हणून ते वैरण घालायला उठून गेले.

आता उरली कुसुम. ती गुडघ्याला हळद लावत होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो. शेवटी धीर करून विचारलं, लाज वाटली का तुला माझी.

"पडले तवा वाटली," ती म्हणाली. "लय वाटली. पदरात तोंड घातलं मी. मंग बायका ओरडाले लागल्या, पाह्य बाई, पाह्य. पाहातो तं तुमी पुढं अन् बैल मागं." आणि ती अशी हसायला लागली की हळदीची वाटी कलंडली. "देवीदास भाटव्याच्यानं तरी होते का असं?"

मी म्हणालो, पुढच्या वर्षी खरंच हाकायला शिकतो.

"नका शिकू जी," ती डोळे पुसत म्हणाली. "हाकणारे लय हायेत गावात. तुमी आपले धावत राहा."

तिचा शब्द मी आजतागायत मोडलेला नाही. रॉकेलच्या रांगेपासून पोरींच्या शाळेपर्यंत धावतोच आहे. मागे आता बैल नसतात, कुसुम असते. तिच्या हातात तुतारी नसते, तरी मी अजून पहिला येतो.