आई रागवायची ती भाषा

ताज्या छापलेल्या पत्रकांच्या शाईचा वास आला की मला नगरची, आमच्या कॉलेजमागची खानावळ आठवते. एका दुपारी 'मराठी वाचवा'च्या पत्रकांचा गठ्ठा बाकावर ठेवून मी वर्गातल्या दोन परदेशी मुलींची इंग्रजीतच उलटतपासणी घेत होतो. एक झिम्बाब्वेची, तिची भाषा शोना. दुसरी बेलारूसची, तिची बेलारूसी. पुढच्या पत्रकासाठी मला दोन्ही भाषांची तुलना हवी होती. पहिली भाकरी मोडत म्हणाली, "घरी आम्ही शोनाच बोलतो. शाळेत बोललं की मात्र छडी मिळायची." दुसरी म्हणाली, "माझं उलटं. शाळेत बेलारूसी शिकले, मार्कही चांगले पडले, पण घरी सगळे रशियन बोलतात." मी तावातावाने दोन्हीकडच्या सरकारांना नावं ठेवली. पिठलं वाढणाऱ्या मावशींनी विचारलं, "काय म्हनत्यात रं या पोरी?" मी सांगितलं. मावशींनी बेलारूसच्या मुलीकडे बोट केलं. "तिला इचार, आई कंच्या भाषेत रागवायची?" मी विचारलं. बेलारूसच्या मुलीने ताट बाजूला सारलं. "रशियनमध्ये," ती हळूच म्हणाली, "बेलारूसीत मला कधी कुणी रागावलंच नाही." मावशींना ते सांगितलं, तशा त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दटावलं, "जेव गं आधी, गार व्हतंय." इतक्या वर्षांनी, परवा माझ्या चार वर्षांच्या भाचीने दूध सांडलं आणि मी तिच्यावर ओरडलो. ओरडून झाल्यावर कळलं, इंग्रजीत ओरडलो होतो. त्या वेळी घरात सरकार नव्हतं, मी होतो.