साहेबांच्या ताटाला शिवणारा कावळा

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कमेंटमध्ये मला कुणी शहाणपण शिकवायला नको. मी विज्ञानाची शिक्षिका. निवृत्त झाले तरी खोड गेलेली नाही. पक्ष्यांच्या चोची आणि त्यांचं अन्न हा धडा इतक्या वर्गांना शिकवलाय, की झोपेतून उठवलंत तरी फळ्यावर कावळ्याचं डोकं काढून दाखवीन. पिंडाला कावळा शिवतो तो भुकेपोटी, आणि शिवत नाही तो माणसांच्या गर्दीला बिचकून... हे मी माझ्या सासऱ्यांच्या दहाव्याला भर घाटावर दिरांना ऐकवलं होतं. नंतर कितीतरी दिवस आमचं बोलणं बंद होतं. तर असल्या बाईच्या डोळ्यांसमोर हे घडलंय.

आम्ही राहतो ते ज्येष्ठांसाठीचं संकुल कोल्हापूरहून पन्हाळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर, जरा आत आहे. नाव सांगणार नाही, उगीच वाद नको. दुमजली इमारती, मधे बाग, बागेच्या एका टोकाला जेवणाचा हॉल आणि त्याला लागून ऑफिस. बहुतेकांची मुलं पुण्याला नाहीतर परदेशात. दर शनिवारी ग्रुपवर 'आठवड्याच्या बातम्या' टाकायचं काम माझ्याकडे. टाकी धुणार म्हणून पाणी बंद, लिफ्टचं सर्व्हिसिंग, कुणाचा वाढदिवस, जुन्या गाण्यांचा कार्यक्रम, बीपी तपासणी... सगळं मी लिहिते. कावळ्याबद्दल मात्र तिथे एक ओळ लिहिलेली नाही. म्हणून इथे लिहितेय.

माझ्या शेजारच्या खोलीत, तळमजल्यावर, आण्णा आणि वैनी राहायचे. आण्णा शाहूवाडीकडचे, जिल्हा परिषदेत नोकरी झालेली. आवाज असा, की ते बागेत बोलले तर दुसऱ्या मजल्यावरच्यांची दुपारची झोप उडायची. वैनींची नजर काचबिंदूने गेलेली, उजेड-अंधार तेवढा कळतो. आण्णांनी त्यांच्यासाठी एक दोरी बांधली होती. निळी, नायलॉनची. खोलीच्या दारापासून व्हरांड्याच्या खांबाखांबाला गाठ मारत थेट जेवणाच्या हॉलपर्यंत. वळण आलं की दोन गाठी, पायरी आली की तीन. त्या दोरीवरून हात फिरवत वैनी एकट्या जेवायला यायच्या, एकट्या परत जायच्या. कुणी हात धरायला गेलं तर म्हणायच्या, "लागत न्हाय मला. माझी दोरी हाय की." त्या दोरीवर त्यांचा सगळा रुबाब होता.

आमचा मॅनेजर विश्वजित. चाळिशीचा असेल, पण सगळे त्याला साहेब म्हणतात. बोलायला गूळ. "काका-काकू, तुम्ही सगळे माझी जबाबदारी" वगैरे. पण ही दोरी त्याच्या डोळ्यांत खुपायची. नवीन लोक जागा बघायला येतात, त्यांच्यासमोर 'लुक' जातो म्हणे! एकदा तसं आण्णांना बोलला, तर आण्णा म्हणाले, "काढ की. काढ, मग तीच तुझ्या गळ्यात बांधतो." त्यानंतर आण्णा असेपर्यंत त्याने विषय काढला नाही.

पावसाळा संपता संपता आण्णा झोपेतच गेले. मुलगा कॅनडात, त्याला वेळेत पोचता आलं नाही. पुतण्याने सगळं केलं. रक्षाविसर्जनाला संकुलाच्या गाडीतून आम्ही सगळे पंचगंगेच्या घाटावर गेलो. भात, वडा, लाडू, आण्णांना लागायचा तसा साखर जास्त घातलेला चहा... असा नैवेद्य मांडला आणि बाजूला झालो. भिंतीवर कावळे बसलेले होते. पण एक खाली उतरेल तर शपथ.

मग नेहमीचं सुरू झालं. पुतण्या म्हणाला, "आण्णा, पोरगा दिवाळीला येतोय." काही नाही. कुणी म्हणालं, "आण्णा, बोकडाचं जेवण घालतो की." तरी काही नाही. ऊन वाढायला लागलं. वैनी डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. विश्वजितची चुळबुळ चालली होती, कारण दुपारी कुणीतरी जागा बघायला येणार होतं. शेवटी त्याने बूट काढले, पुढे झाला, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाला, "आण्णा, वैनींची काळजी करू नका. त्यांची खोली त्यांचीच राहील. आणि त्या दोरीला मी असेपर्यंत कुणी हात लावणार नाही. माझा शब्द आहे!"

त्याचं बोलणं संपतंय तोवर एक कावळा उतरला. वड्याकडे बघितलं नाही, लाडवाकडे बघितलं नाही. भाताच्या मधोमध एक चोच मारली आणि उडाला.

"शिवला का?" वैनींनी मला विचारलं. मी हो म्हटल्यावर म्हणाल्या, "मग ऐकलं त्यांनी."

मी मनात म्हटलं, हा पुढे झाला तशी गर्दी मागे सरली, म्हणून पाखरू उतरलं. सोपं आहे.

दिवाळी झाली आणि विश्वजितचा मला मेसेज आला. तळमजल्याच्या टोकाच्या दोन खोल्या, वैनींची आणि तिच्या पलीकडची, मधली भिंत पाडून तिथे 'लाउंज' होणार. कॉफी मशीन, सोफे वगैरे. वैनींची सोय दुसऱ्या मजल्यावर. खाली, शनिवारच्या बातम्यांत 'देखभाल' म्हणून टाकायची ओळ तयारच होती... "व्हरांड्यातील अनावश्यक वस्तू हटवण्यात येतील." मी ती टाकली नाही. तडक ऑफिसात गेले.

"घाटावर शब्द दिलायस तू," मी म्हटलं.

तो हसला. "बाई, तुम्ही विज्ञानाच्या ना? अहो, तिथं काहीतरी बोलावंच लागतं. कावळ्याला दिलेला शब्द कुठं चालतो काय?"

त्याच्या त्या हसण्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शब्द कावळ्याला नव्हता दिला, आण्णांना दिला होता. तेही वैनींच्या देखत नाही म्हणता येणार, पण त्यांच्या कानांदेखत. मी भांडून आले. त्याचा उपयोग झाला नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी, चहाच्या आधी, माणूस लावून त्याने दोरी कापली. वैनींना कुणी सांगितलं नाही. मलाही माहीत नव्हतं. त्या नेहमीसारख्या दारातून बाहेर आल्या, हात पुढे केला, तर हाताला काहीच लागलं नाही. दोरी पुढे असेल म्हणून आणखी एक पाऊल टाकलं आणि पायरीवरून खाली पडल्या. मी धावत बाहेर आले तर त्या फरशीवर, उजवं मनगट वाकडं झालेलं, आणि डावा हात हवेत चाचपडतोय. "बाई, माझी दोरी कुठं हाय? दोरी कुठं गेली वो माझी?"

तो आवाज अजून माझ्या कानातून गेलेला नाही. त्या क्षणी विश्वजित समोर असता तर मी त्याच्या मुस्काटात मारली असती.

हाताला प्लास्टर घालून वैनींना परस्पर दुसऱ्या मजल्यावर नेलं. जेवण वर यायला लागलं, तशा त्या खोलीबाहेर पडायच्याच बंद झाल्या. मी रोज जाऊन बसायचे. त्या रडल्या नाहीत की कुणाला शिव्या दिल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "त्यांच्यासमोर सबूद दिल्ता न्हवं? मग आता ते आणि त्यो, दोघं बघून घेतील."

लाउंजच्या उद्घाटनाला भर दुपारी पाहुणे आले. फीत कापली, टाळ्या झाल्या, सगळ्यांच्या हातात शिऱ्याच्या प्लेटा आल्या. काचेचं दार उघडंच होतं. त्यातून एक कावळा आत आला, एवढ्या माणसांना ओलांडून सरळ विश्वजितच्या प्लेटवर उतरला, शिऱ्याच्या मधोमध एक चोच मारली आणि आला तसा गेला. सगळे हसले. तोही हसला.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये त्याच्या भाताला कावळा शिवला. त्याच्या शेजारी बसलेल्यांची ताटं तशीच, फक्त याचं. मग रोज. गावात मिसळ खायला गेला तर आतल्या टेबलापर्यंत कावळा आला म्हणे. सासुरवाडी शिवाजी पेठेत, तिथे जावईबापूंसाठी मटणाचा बेत केलेला. खिडकीतून येऊन त्याच्याच ताटाला शिवून गेला. सासूबाई ताट उचलून आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत, असं त्यानेच मला सांगितलं. आपल्याकडे कावळा कुणाच्या ताटाला शिवतो, हे वेगळं सांगायला नको. त्या ताटातला दुसरा घास कोण खाणार? दोन-तीन आठवड्यांत त्याचे शर्ट अंगावर लोंबायला लागले.

मी त्याला शास्त्र सांगितलं. कावळे माणसाचा चेहरा ओळखतात, लक्षात ठेवतात, एखाद्याच्या मागे लागतात. हे खरंच आहे, मी वाचलंय. म्हटलं, "दारं-खिडक्या लावून जेव."

"मग तुम्हीच बसा समोर," तो म्हणाला.

बसले. ऑफिसात, भरदुपारी. खिडक्यांच्या कड्या मी स्वतः तपासल्या. दार आतून लावलं. टेबलाखाली, कपाटामागे बघितलं. एसी भिंतीवरचा, त्यातून चिलटसुद्धा येणार नाही. त्याने डबा उघडला. भात, आमटी, बटाट्याची भाजी. थोडा वेळ दोघंही नुसते त्या भाताकडे बघत बसलो. काही झालं नाही. मला हसू यायला लागलं, त्याचेही खांदे सैल झाले. पाण्याची बाटली खाली ठेवली होती ती घ्यायला तो वाकला, आणि मी त्याच्याकडे बघितलं. तेवढंच. परत डब्याकडे नजर गेली तर...

भाताच्या मधोमध खड्डा होता. शितं एका बाजूला उडालेली. आमटीच्या वाटीच्या काठावर ओल्या नखांची खूण आणि तिथून पुढे टेबलावर दोन ठसे. मग काहीच नाही. पंखांचा आवाज नाही, खोलीत पाखरू नाही. चोच कुठली हे मी ओळखते हो! आयुष्यभर तेच शिकवलंय.

विश्वजित पांढरा पडला होता. "बाई," तो म्हणाला, "मी अजून जित्ता हाय न्हवं?"

मी भयंकर घाबरले होते. पण खोटं कशाला बोलू... त्या भीतीच्या खाली मला आनंद झाला होता. बरं झालं, असंच वाटलं. फरशीवर चाचपडणारा तो डावा हात आठवला आणि मी त्याला काहीएक धीर न देता उठून आले.

त्याच दिवशी त्याने वर जाऊन वैनींचे पाय धरले. "काकी, चुकलं माझं. सांगा की त्यांना."

वैनींनी प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. "सबूद मला दिल्तास व्हय? त्यांना दिलास. मी कशी माघारी घिऊ?"

लाउंज बंद झालं. पाडलेली भिंत पुन्हा उभी राहिली आणि वैनींना खोली परत मिळाली. दोरी विश्वजितने स्वतः बांधली, गुडघे टेकून, खांबाखांबाला. वैनी डाव्या हाताने ती चाचपत निघाल्या आणि पायरीपाशी थांबल्या. "दोनच गाठी हायत. हितं तीन पायजेत." त्याने सोडून पुन्हा बांधली. मला वाटलं, संपलं एकदाचं.

पण दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्या ताटाला कावळा शिवला. तिसऱ्या दिवशीही. बिचारा हॉलमध्ये सगळ्यांसमोर रडला. मला कळेना. शब्द पाळला होता, मग आता काय राहिलं?

मग एका सकाळी मी वैनींसाठी चहा घेऊन गेले. दार उघडंच होतं. त्या खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. खिडकीच्या कट्ट्यावर भाकरीचा तुकडा आणि त्याच्या शेजारी, हातभरावर, कावळा. तुकड्याला तोंड न लावता बसलेला. वैनी हळू आवाजात बोलत होत्या, जेवताना नवऱ्याशी बोलावं तशा.

"दोरी बांधलीया त्यानं, व्हय. गाठी बी बराबर हायत. पन माझा हात अजून ठणकतोय, अवो. रात रात झोप न्हाय. एवढ्यात सोडू नगासा त्याला."

कावळ्याने मान तिरकी केली. भाकरी तशीच ठेवून उडाला आणि बागेवरून सरळ ऑफिसच्या दिशेने गेला.

"बाई, चहा निवतोय की," वैनी म्हणाल्या. मी आल्याचं त्यांना कसं कळलं, पावलांवरून की चहाच्या वासावरून, मी विचारलं नाही. दुसरंही काही विचारलं नाही. चहा त्यांच्या हातात दिला आणि शेजारी बसले.

प्लास्टर निघालं त्या दुपारी विश्वजित हॉलमध्ये बसून पोटभर जेवला. भात तीनदा मागून घेतला. कावळा आला नाही. आजतागायत तो इथेच मॅनेजर आहे आणि दोरीची गाठ जरा सैल झाली तरी स्वतः जाऊन आवळतो.

मी काय काय तपासलं ते विचारू नका. ऑफिसची खोली मी पुन्हा दोनदा बघितली. फटीत पेन्सिल घालून बघितली. बंद खोलीत ते काय होतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणी पक्षीतज्ज्ञ असेल तर जरूर सांगा, मी मोकळ्या मनाने ऐकेन.

फक्त एवढं लक्षात घेऊन सांगा. वैनींचं मनगट नीट सांधलेलं नाही. थंडी पडली की त्यात कळ येते. सकाळी त्या दोरी धरून चालताना मधेच थांबल्या, डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं, की मला कळतं. त्या दिवशी साहेबांचा डबा भरलेलाच घरी परत जातो.