माणसांचा कडता

मापारी काकाजी माणसाला ‘कसा आहेस’ विचारायच्या आधी त्याचं वजन सांगत. लग्न होऊन मी पवनारहून सिंदीला आले, तेव्हा उंबरठा ओलांडायच्या आतच शेजारच्या ओट्यावरून आवाज आला, “सून बावन्न किलो. शालूसकट पंचावन्न.” जमलेली सगळी मंडळी हसली. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. हा म्हातारा आपल्याला जन्मभर शेजारी मिळाला आहे हे कळलं, तेव्हा तर माहेरच आठवलं.

काकाजी बाजारात तूर, चणा आणि हंगामात कापूस मोजायचे. तीस वर्षं काट्यापाशी उभं राहून त्यांची नजर तयार झाली होती. पोरंसोरं त्यांची परीक्षा घ्यायला पिठाच्या चक्कीवर जाऊन काट्यावर उभी राहत आणि तोंड पाडून परत येत. किलोभर इकडेतिकडे, त्याहून जास्त नाहीच.

माल ओला असला की वजनातून काही किलो वजा धरतात, त्याला बाजारात कडता म्हणतात. काकाजी हा कडता माणसांनाही लावत. कचेरीतला एक बाबू फार सुटला होता. त्याच्याकडे बघून ते म्हणाले, “यातले सहा किलो याचे नाईच. याच्या सायबाचे आहे. बदली झाली का उतरतीन.” साहेब बदलला आणि बाबू खरंच उतरला. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की वाळत चाललेल्या बापाला ते धीर देत, “चार किलो चिंतेचा कडता धर. मांडव उठला का भरून येते.” वजन ताटावर ठरतं तितकंच मनावरही ठरतं, हे मी पुढे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं, पण पहिल्यांदा ऐकलं ते या न शिकलेल्या माणसाकडून.

माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली आणि मी अडुसष्टवर गेले. ‘सासर मानवलं हो सुनेले,’ असं जो तो म्हणे. खरं तर आमच्या किराणा दुकानाचं घर मोठं, पंगती उठता उठता तीन वाजत. सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं उभ्यानेच पोटात ढकलायचं आणि कुणी काही बोललं की मुकाट ऐकायचं. रात्री डोळ्याला डोळा लागत नसे. एकदा काकाजींनी ओट्यावरून मला नीट पाहिलं आणि माझ्या सासूबाईंनाच हाक मारली. “वहिनी, हे सुखाचं वजन नाई. हे गप बसण्याचं वजन आहे. पोरीले तुमच्यासंगं जेवाले बसवत जा. अन् संध्याकाळी आमच्या बुढीसंगं रेल्वे फाटकापर्यंत पाठवत जा.”

सासूबाई कुणाचं ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या, पण मापाऱ्याचा शब्द मोडायची सिंदीत रीत नव्हती. मी वेळेवर जेवू लागले. रोज फाटकापर्यंत जाता-येता त्यांच्या बायकोजवळ, काकूजवळ, मन मोकळं करू लागले. आधी झोप परत आली, मग वर्षभरात अंग हलकं झालं. त्या माणसाने मला माझं घर राहण्याजोगं करून दिलं. सासरी माझा जीव रमला तो त्यांच्यामुळे, हे मी आजही कुणापुढेही सांगते.

पुढच्या एका उन्हाळ्यात काकूही उतरू लागल्या. अंगाने भरलेली बाई, पण चोळ्या एकदम ढिल्या झाल्या. काकाजींची कॉलर ताठ. “पाह्य, फाटकाची कमाई! दोन महिन्यांत नऊ किलो!” ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मीही फुशारले. पण चालताना काकू आता फाटकवाल्याच्या माठातलं पाणी पीत, परत येताना मारुतीच्या नळावर पीत आणि मधेच दोनदा आडोसा शोधत. एके दिवशी तर माझ्या खांद्यावर भार टाकूनच घरी आल्या.

मी काकाजींना सांगितलं. ते उखडले. “मले वजन शिकवतं काय तू? पोराची परीक्षा आहे, तिचा जीव टांगणीले लागला आहे. तीन किलो चिंतेचा कडता, बाकी चालण्याचं.”

“काकाजी, गप बसू नोको म्हून तुमीच मले सांगितलं,” मी म्हटलं. “काकूले वर्ध्याले न्या. उद्याच न्या.”

ते रागावून आत गेले. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने दोघं वर्ध्याला गेले. शुगर इतकी चढली होती की डॉक्टरांनी घरी सोडलंच नाही. आणखी आठवडा गेला असता तर बेशुद्ध आणावं लागलं असतं, म्हणाले. मी डबा घेऊन गेले तर काकाजी दवाखान्याच्या पायरीवर बसलेले. “लोकाइचा माल बराबर मोजला पोरी,” ते म्हणाले, “अन् घरच्या बाईचा कडता चुकला.” त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं.

त्यानंतर त्यांनी कुणाचं वजन सांगितलं नाही. झोप लागते का, तहान किती लागते, जेवला किती वाजता, एवढंच विचारत. इन्सुलिनची सुई भरायला ते स्वतः शिकले. डोळे बारीक करून त्या रेघा वाचत, सुई देत आणि लगेच ताट आणून समोर बसत. सुईनंतर उपाशी राहिलं तर शुगर एकदम खाली जाते, हे त्यांनी मनावर कोरून घेतलं होतं. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, “मी गेलो त त्या दिवशी घरात चूल पेटणार नाई. समदे रडतीन. तिले जेव म्हणाले कोणाची जीभ उचलणार नाई. तू म्हणजो.” मी त्यांना रागावले होते.

ते गेले सकाळी. काकूंना सुई देऊन ताट आणायला म्हणून उठले आणि स्वयंपाकघराच्या दारातच कोसळले.

मी धावत गेले तोवर बैठकीत माणूस मावत नव्हता. काकू त्यांच्या उशाशी. हात थरथरत होते, कपाळ घामाने निथळत होतं, आणि बायका म्हणत होत्या, दुःखच तसं आहे. मी घरातून रात्रीची भाकर अन् दूध आणलं आणि काकूंना उठवून आत नेलं. कुणीतरी म्हातारी ओरडली, “मढं दारात अन् घास?” आमच्या सासूबाई उठल्या, स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “हो. घास.”

“त्यायले असं टाकून मी खाऊ?” काकूंनी तोंड फिरवलं.

“त्यायनंच सांगितलं आहे काकू. मले सांगून ठेवलं आहे.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग तोंड उघडलं. बाहेर बांबू आपटल्याचे आवाज येत होते आणि मी कुस्करलेली भाकर एकेक घास करून त्यांना भरवत होते. हाताची थरथर थांबेपर्यंत मी ताट उचललं नाही.