आधी पक्कड खाली ठेवा

"आधी पक्कड खाली ठेवा." हे माझ्या शेजारणीचे वाक्य. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्या हे सांगत तेव्हा त्याला काही वावगे वाटत नसे, कारण त्याच्या हातात खरोखरच पक्कड असे. पण पाण्यावरून भांडणाऱ्या शेजाऱ्यालाही त्या हेच सांगत. एकदा जिन्यात मी वर्गातल्या एका मुलीला गृहपाठावरून फैलावर घेत होते, तर वरून आवाज आला, "बाई, आधी पक्कड खाली ठेवा." बोलताना अंगठा आणि तर्जनी जुळवून त्या हवेत एक न दिसणारा पेच आवळून दाखवत. जे बोटांनी होते तिथे जोर लावू नये, एवढाच त्याचा अर्थ.

अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. स्वभाव तापट, आणि शिकवण सबुरीची. त्यांच्या बाबतीत मला त्यात विसंगती कधीच वाटली नाही. त्यांना राग येई तो दांडगाईचा, आणि दांडगाई त्यांच्या वाट्याला पुष्कळ आली.

घाटकोपरला आमच्या मजल्यावर त्या आईसोबत राहत. दिवसा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर आणि सुट्टीच्या दिवशी एका ऑर्केस्ट्रात गिटार. ऐंशीच्या दशकातल्या त्या वर्षांत उपनगरात गणपती-नवरात्र ऑर्केस्ट्राशिवाय जात नसे. गाणाऱ्या बायका लोकांना हव्या असत. गिटार वाजवणारी बाई मात्र त्यांना गंमत वाटे. कार्यक्रमात एखादी तार तुटली, की नवी गुंडाळून सुरात आणेपर्यंत समोरून सुरू होई, "ताई, लोकर विणताय काय?" पुरुष वादकाची तार तुटली, की तेच लोक शांतपणे चहा पीत.

त्यांचा धाकटा भाऊ बोटीवर नोकरीला होता. एका फेरीत त्याने परदेशातून गिटारच्या खुंट्यांचा नवा संच आणला. प्रत्येक खुंटीच्या मागे एक छोटी चकती होती आणि ती फिरवली की आत तार जागच्या जागी जखडली जाई. त्यांनी जुन्या खुंट्या काढून या बसवल्या आणि मला मुद्दाम बोलावून दाखवल्या. मी विज्ञान शिकवते, म्हणून मला यात रस असेल असा त्यांचा अंदाज होता आणि तो बरोबर होता.

रीत अशी. खुंटीचे भोक तारेच्या रेषेत आणायचे. तार भोकातून सरळ ओढून ताणून धरायची. मागची चकती आवळायची, पण बोटांनीच. पक्कड लावली की आतला पेच झिजतो. मग उरलेले टोक तिथल्या तिथे कापायचे. खुंटीचा एक वेढाही पुरा होत नाही, तोच तार सुरात येते आणि तिथेच राहते.

"कापायचे?" मी विचारले.

"कापायचंच. इथेच सगळ्यांचा जीव वर-खाली होतो."

त्याला कारण होते. चांगल्या तारा बाहेरून येत आणि सहज मिळत नसत. त्यामुळे आमच्याकडे वादक तारेचे टोक कधी कापत नसत. सगळी लांबी खुंटीवर गुंडाळून ठेवत, म्हणजे तार खुंटीपाशी तुटली तर वेढे सोडून ती पुन्हा लावता येई. काटकसर म्हणून ते ठीकच होते. पण सैल वेढे वाजवताना आवळत जातात आणि तार उतरते. "तार नाही, भीती गुंडाळून ठेवतात," त्या म्हणत. कापलेली वीतभर टोके त्या मला देत. वर्गात लाकडी पट्टीवर एक खिळा आणि बोटांनी फिरवायचा एक पेच यांच्यामध्ये ती ताणून मी मुलींना कंपन शिकवी.

त्या वर्षी गणेशोत्सवात आमच्याच मैदानावर त्यांच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम ठरला. आपल्या माणसांसमोर वाजवायचे म्हणून त्या महिनाभर तयारी करत होत्या. भिंतीपलीकडून मला ती रोज ऐकू येई. दोन दिवस आधी ऑर्केस्ट्राचे मालक घरी आले. दार उघडे होते.

"मंडळवाले बोलतात, गिटारवर बाई नको. पोरं शिट्ट्या मारतात. अंधेरीवरून एक पोरगा आणलाय, झकास वाजवतो. पण त्याची गिटार भंगार आहे गं. तुझी दे ना."

"आणि मी?"

"तू खंजिरी घे. ॲडजस्ट कर ना यार."

"गिटार पूर्वार्धापुरती देईन," त्या म्हणाल्या. "मध्यंतरानंतर मी वाजवणार. आधी कबूल करा."

"कबूल, कबूल," ते म्हणाले. दोनदा म्हटलेल्या शब्दावर माझा विश्वास नसतो. त्यांनी ठेवला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी त्यांनी गिटार सुरात लावून त्या मुलाच्या हाती दिली आणि सांगितले, "खुंट्यांना हात लावू नकोस." त्याने मान हलवली. पण त्या साडी बदलायला घरी गेल्या आणि त्याने एकही वेढा नसलेल्या खुंट्या पाहिल्या. तार भर गाण्यात सुटेल या धास्तीने त्याने सगळ्या तारा उतरवल्या, आपल्या नव्या कोऱ्या तारा टोक न कापता गच्च गुंडाळल्या आणि वर पकडीने चकत्या आवळल्या. हे मला नंतर साउंडवाल्याने सांगितले. त्या मुलाचा मला फारसा राग नाही. तो त्याला शिकवले तसे वागला.

दुसऱ्या गाण्यापासूनच गिटार उतरू लागली. पाचव्या गाण्यात गायक थांबला. मैदानातून ओरडा झाला, "अरे, वाट लागली!" मागे खंजिरी घेऊन बसलेल्या त्यांचा चेहरा मी पाहत होते. मालकांनी माइक हातात घेतला.

"रसिकहो, माफ करा. गिटार आमच्या ताईंची आहे. बायकांच्या वस्तू, काय करणार!"

मैदान हसले. माझे शेजारी हसले, ज्यांचे मुलगे त्यांच्याकडे फुकट गिटार शिकत तेही हसले. तुम्ही विचाराल, इतक्या वर्षांनी एवढा राग कशासाठी? मी विचार करून उत्तर देते. ते हसणे मी अजून विसरलेले नाही आणि विसरण्याचा माझा इरादाही नाही.

त्या उठल्या. खंजिरी खुर्चीवर ठेवली, मुलाच्या गळ्यातून पट्टा काढून गिटार घेतली आणि रंगमंचाच्या कडेला, दिव्याखाली बसल्या. मालक पुढे झाले. "अगं, नंतर बघ ना. पब्लिक बसलीय."

"माका शिकव नको." त्यांच्या तोंडून मालवणी निघाली, की पुढे कुणी बोलत नसे.

पर्समधून त्यांनी आपल्या तारा आणि तार कापायची छोटी कातर काढली. ते गच्च वेढे कापून टाकले. पकडीने जाम केलेल्या चकत्या पदराच्या टोकाने धरून, दातओठ खात, एकेक सोडवल्या. मग तार ओवली, ताणली, बोटांनी आवळली, कापली. कुणीतरी शिट्टी वाजवली. त्यांनी वर पाहिले नाही. प्रत्येक टोक कापताना जवळच्या चालू माइकमधून टक् असा आवाज मैदानभर जाई. हळूहळू हसणे थांबले. शेवटची तार लागली तेव्हा त्यांनी उभे राहून सगळ्या मोकळ्या तारांवरून एकदाच हात फिरवला. तो नाद अगदी शेवटच्या खुर्चीपर्यंत शुद्ध पोहोचला आणि बराच वेळ राहिला.

"वा! चल, वाजव आता तूच," मालक म्हणाले. "सेकंड हाफ तुझा."

"तो माझा होताच," त्या म्हणाल्या. "वस्तूत दोष नाही एवढं दाखवायचं होतं. दाखवलं."

गिटार पेटीत ठेवून त्या पायऱ्या उतरल्या आणि मैदानाच्या मधून चालत घरी गेल्या. लोकांनी वाट दिली. माफी कुणी मागितली नाही.

त्यानंतर त्यांना कुठल्याच ऑर्केस्ट्रातून बोलावणे आले नाही. "बाई भांडकुदळ आहे" हे वाक्य घाटकोपरहून अंधेरी-बोरीवलीपर्यंत त्यांच्या आधी पोहोचत असे. भिंतीपलीकडचे वाजणे आधी कमी झाले, मग आईसाठी त्यांनी रत्नागिरीला बदली मागून घेतली. जाताना पत्ता मला देऊन गेल्या.

काही वर्षांनी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचे काम मागायला तेच मालक आले. मी प्रयोगशाळेत होते. त्यांनी मला ओळखले.

"बाई, तुमच्या शेजारी त्या राहायच्या ना? कुठे असतात हो आता?"

क्षणभर मला वाटले, याला काही उमगले असावे.

"त्यांची ती गिटार काय झकास होती! विकतात का विचारायचं होतं."

मी मुलींना खोटे बोलू नका असे शिकवते आणि स्वतः बोलत नाही. त्या दिवशी मात्र त्यांच्या डोळ्यांत पाहून म्हणाले, "पत्ता मला ठाऊक नाही." मग मी टेबलाकडे वळले. पट्टीवरची तार सैल झाली होती. त्या संध्याकाळी रंगमंचाच्या कडेला पडलेल्या टोकांपैकीच ती एक. मालक दारात उभे असतानाच मी ती बोटांनी आवळली, सुरात येईपर्यंत.