केराबाई आणि फुलांचा काढा

उन्हाळ्यातल्या दुपारी सोलापूर झोपतं म्हणजे अगदी झोपतं. सात रस्ता चौकातला गोंगाटसुद्धा मंदावतो, दुकानांची शटरं अर्धी खाली येतात, रिक्षावाले मागच्या सीटवर पाय दुमडून पडतात. मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांच्या घरात मात्र केराबाई टक्क जागी असायची. फरशीवर पडून पंख्याकडं बघायची, आणि पंखा तिच्याकडं बघायचा.

झोपेचं आणि तिचं कधी जमलंच नाही. जन्म मंगळवेढ्याकडचा, मेंढरांमागचा, आणि लग्नही मेंढरांमागं हिंडणाऱ्याशीच. मायाप्पा पुढं, मेंढरं मध्ये, आणि घोड्यावर सगळा संसार लादून केराबाई मागं. आज ह्याच्या रानात, उद्या त्याच्या. मग एक दिवस मायाप्पा तापानं फणफणला आणि बघता बघता गेला. पोरगा धनाजी तेव्हा मांडीवर होता. मेंढरं विकून बाई वळसंगला भावाच्या आसऱ्याला आली आणि लोकांच्या रानात खुरपायला लागली. खुरपणीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. गाजरगवत तर ती नुसत्या हातानं मुळासकट उपटायची. मग कोपरापर्यंत चट्टे उठायचे, डोळे चुरचुरायचे. बायका खोबरेल तेल चोळायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रानात हजर. खाजेला आजार म्हणायची पद्धतच नव्हती तिथं.

आता धनाजी शहरात ट्रकच्या कामावर, आठवडा आठवडा बाहेर. सून पूनम सात रस्त्याला चष्म्याच्या दुकानात. पोरगी गुणाची, पण तोंडानं फटकळ. सासू-सुनेचं दिवसातून एकदा तरी वाजायचं, आणि वाजलं नाही तर दोघींनाही करमायचं नाही.

पण केराबाईचं खरं दुखणं पूनमला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. केराबाईला मायाप्पाचा चेहरा आठवेनासा झाला होता. मेंढरांना घातलेली साद आठवायची, वहाणांची करकर आठवायची, कांबळ्याचा वास आठवायचा. तोंडाच्या जागी मात्र नुसतं ऊन. फोटो काय तो एकच, भाच्याच्या लग्नातला, आणि त्यात नेमका एक फेटेवाला मायाप्पाच्या पुढ्यात येऊन उभा राहिलेला. मेल्याला तेवढीच जागा सापडली! ज्याच्या मागं रानोरान हिंडले त्याचं तोंड विसरले, मी कसली बायको, असं तिच्या मनात यायचं आणि लाजेनं जीव अर्धा व्हायचा.

अशात पूनमच्या दुकानाच्या मालकीणबाई उटीला जाऊन आल्या आणि येताना सगळ्यांना काहीबाही घेऊन आल्या. पूनमच्या वाट्याला एक डबी आली. आत वाळलेली बारकी फुलं, मध्ये पिवळी, कडेनं पांढरी.

"आत्या, ह्याला कॅमोमाईल म्हणतात. ह्याचा चहा प्यायला की झोप लागते म्हणं."

"फुलाचा च्या? उद्या म्हनशील, दगडाची आमटी कर."

पण दुसऱ्या दिवशी सून कामावर गेल्यावर केराबाईनं डबी उघडलीच. वास बरा होता, वाळल्या गवतासारखा, जरा गोडूस. आता चमचाभर फुलं गरम पाण्यात भिजवून गाळायची, असलं नाजूक काम तिला कुठलं ठाऊक? तिच्या लेखी चहा म्हणजे उकळायचा. औषध असेल तर जास्तच उकळायचा. तिनं मूठभर फुलं टाकली, गुळाचा खडा टाकला, पाणी आटून काळपट होईस्तोवर ठेवलं आणि वाटीनं प्यायली.

पडली, आणि डोळा लागला.

काळं रान होतं, नुकतं काढणी झालेलं. मेंढरं बसली होती, आणि ती श्वास घ्यायची तसं सगळं रान वर-खाली होत होतं. ऊन होतं पण भाजत नव्हतं. मेंढरांच्या पलीकडं मायाप्पा बसला होता, मांडीवर लोकर घेऊन सूत कातत. सूत संपतच नव्हतं, रानभर पसरत होतं, केराबाईच्या पायापर्यंत आलं होतं. त्यानं मान वर केली आणि तिच्याकडं बघितलं. सगळा चेहरा, जसाच्या तसा. "आलीस व्हय?" म्हणाला.

ती जागी झाली तेव्हा उशी ओली होती. आनंद एवढा झाला की कुणाला सांगावं कळेना. पण भांडी घासून होईस्तोवर चेहरा पुसट झाला, आणि दिवेलागणीला पुन्हा तेच ऊन. मग काय, दुसऱ्या दिवशी पुन्हा मूठभर फुलं, तिसऱ्या दिवशीही. दुपार झाली की बाई माहेरी निघाल्यासारखी लगबग करायची.

हाताला खाज सुटली. तिनं खोबरेल तेल चोळलं. गळ्यावर चट्टे आले, तिनं पदर ओढून घेतला. एवढं काय त्यात, जन्मभर खाजवलंच की! पण एका दुपारी पूनम डबा विसरली म्हणून घरी आली, तर सासू भिंतीला टेकून बसलेली, ओठ सुजलेले, श्वास घेताना छातीत शिट्टी वाजतेय. पूनमनं हातातली पिशवी तिथंच टाकली, सासूशेजारी उघडी पडलेली फुलांची डबी उचलली आणि रिक्षा बोलावली.

इंजेक्शननं जीव थाऱ्यावर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी डबी हातात घेऊन बघितली.

"आजी, ह्याआधी कधी असे चट्टे यायचे?"

"खुरपताना यायचं की. गाजरगवताचं."

"तेच तर. हे फूल आणि गाजरगवत एकाच कुळातली. शेवंती, झेंडूसुद्धा त्यातलेच. एक सोसत नसेल तर दुसरंही बाधू शकतं. आणि रानात नुसतं हातानं उपटायचात ते वेगळं, इथं तर काढा करून पोटात घेतलात."

"म्हंजे इख हाय हे?"

"विष नाही हो. युनानी दुकानात ह्यालाच बाबुना म्हणतात, जुनं औषध आहे. एखादा कप साधा चहा बहुतेकांना सोसतो. पोटाला बरं वाटतं, मन जरा शांत होतं, काहींना झोप लागते. काहींना काहीच होत नाही. पण रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, झोपेच्या गोळ्या असतील किंवा पोटुशी बाई असेल, तर विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. आणि तुम्ही तर अजिबात नाही. पुढच्या वेळी श्वासच अडकेल."

"मी घेतला तर?" पूनमनं विचारलं. तिला गाजरगवताचा त्रास नव्हता, कुठली गोळी नव्हती, दिवसही गेले नव्हते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कपभर घे की.

घरी आल्यावर पूनमनं डबी माळ्यावर टाकली, आणि केराबाई जी रुसली ती भाकरीलाही हात लावेना.

"आत्या, फुलासाठी उपास? जीव नकोसा झालाय का तुम्हाला?"

"व्हय, झालाय! तुला काय कळतंय! त्या डबीत माझा मानूस हाय."

आणि मग तिला रडूच कोसळलं. मायाप्पाचं तोंड आठवत नाही, फक्त त्या झोपेत दिसतं, हे सगळं तिनं हुंदक्यांत सांगून टाकलं. पूनम ऐकत राहिली.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर पूनमनं माळ्यावरून डबी काढली. कपभर गरम पाण्यात चमचाभर फुलं टाकली, वर ताटली झाकली, गाळून प्यायली आणि चटईवर आडवी झाली.

"ह्ये काय चाललंय गं?"

"तुम्हाला जाता येत नाही ना, मग मी जाऊन बघून येते मामांना."

"येडी का खुळी तू!"

पण केराबाई तिच्या उशाशी बसली, पदरानं वारा घालत. लाइट गेली होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. झोपलेल्या पोरीच्या पापण्या हलायच्या तसा केराबाईचा जीव वर-खाली व्हायचा. आत्ता गाठ पडली असेल का, काय बोलत असतील, असं तिला वाटत राहिलं. हसू येत होतं आणि आसही सुटत नव्हती.

पूनमनं डोळे उघडले.

"काय गं? दिसलं का?"

पूनमची नजर क्षणभर इकडं-तिकडं गेली. "दिसले की."

"खरं सांग, कसं व्हतं?"

"उंच होते. गोरेपान."

"गोरं? जलमभर उनात हिंडल्याला मानूस, गोरा कुटनं? काळंसावळं व्हतं. आन् उंच कशाचं, माझ्याएवढंच."

"मिशी मोठी होती."

"काय तरीच! बारकी व्हती. आन् उजव्या अंगाला जराशी कमीच. तितं मेंढरानं शिंग मारल्यालं, केसच येत नव्हतं."

"हसले माझ्याकडं बघून. सगळे दात दिसत होते."

"अगं, दात कुटलं दिसायचं! तोंड मिटूनच हसायचं. फुडचा दात तुटका म्हनून लाजायचं, आन् हसू आवरलं की गालाला हितं खळी पडायची, एकाच…"

केराबाईचं बोट स्वतःच्या गालावर होतं. पदराचा वारा थांबला होता. ती पूनमकडं बघत नव्हती, दाराकडंही नाही, मधल्याच कुठंतरी बघत होती. डोळे सताड उघडे, भरून आलेले.

"आणि डोळे, आत्या?" पूनमनं हळूच विचारलं.

"थांब की जरा," केराबाई म्हणाली. "बगू दे मला."